‘गेट’ म्हणजे फक्त ‘मिळणे’ नव्हे

खानापूरहून आलेला प्रश्न असा: “दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो, आता बेळगावात बी. कॉम. करतोय. ‘गेट’ म्हणजे ‘मिळणे’ एवढं पाठ आहे. पण ‘गेट अप’, ‘गेट मॅरिड’, ‘इट्स गेटिंग लेट’, ‘आय गेट इट’ यांत कुणाला काय मिळतं? शब्द मुळात आला कुठून? बोलताना तो कुठे वापरायचा, कुठे नाही? आणि अमेरिकेतला माझा मावसभाऊ ‘गॉटन’ लिहितो, ते चूक आहे का?”

29 वर्षं मी बेळगावात मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी शिकवते आहे. वडगाव, येळ्ळूर, कंग्राळी, खानापूर, निपाणी, इकडची मुलं. दर जूनला नवा वर्ग बसतो आणि हा प्रश्न कुणीतरी विचारतंच, बहुतेक वेळा वर्ग सुटल्यावर, दाराशी थांबून, हळू आवाजात. हळू आवाजात विचारण्यासारखं यात काही नाही. इंग्रजी बोलणारी माणसं हे क्रियापद सकाळपासून रात्रीपर्यंत वापरतात, आणि शाळेत आपल्याला त्याचा एकच अर्थ सांगितला गेला. यात तुमचा दोष नाही.

आधी उच्चार, कारण तिथेच पहिली अडचण येते. आपल्या बेळगावात ‘गेट’ हा शब्द रोज कानावर पडतो: पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट. टिळकवाडीच्या बाजूची रेल्वे फाटकं आणि त्यांच्यावरून पडलेली ठिकाणांची नावं. ते फाटकाचं ‘गेट’, त्यातला ए लांब. आपलं क्रियापद ‘गेट’, त्यातला ए आखूड, चटकन सोडून द्यायचा. देवनागरीत दोन्ही सारखेच लिहावे लागतात, कारण मराठीत ए ऱ्हस्व की दीर्घ असा भेद नाही. कन्नडमध्ये तो आहे, कन्नड लिपीत दोन्हींना वेगळी अक्षरं आहेत. म्हणून ज्यांना कन्नड वाचता येतं त्यांना मी सांगते, वहीत हे दोन शब्द कन्नडमध्ये लिही आणि वाच. पाच मिनिटांत जीभ वळते. सीमाभागात वाढल्याचा हा फायदा पुण्यातल्या मुलाला नाही, तो वापरा.

आता अर्थ. ‘मिळणे’ हा अर्थ खोटा नाही, पण तो या शब्दाचा एक कोपरा आहे. त्याऐवजी ‘गाठणे’ मनात धरून बघा. आपण शेवटची बस गाठतो, घर गाठतो, एखाद्याला बाजारात गाठतो, सोन्याचा भाव नवा आकडा गाठतो. प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट घडते: आधी तिथे नव्हतो, आता पोचलो. ‘गेट’चं काम नेमकं हेच. वस्तू हातात नव्हती, आली. घरी नव्हतो, पोचलो. चहा गरम होता, गार झाला. मुद्दा डोक्यात शिरत नव्हता, शिरला. अंथरुणात होतो, उठलो. अविवाहित होता, लग्न झालं. इंग्रजी माणूस या सगळ्याला ‘गेट’ म्हणतो, कारण त्याच्या नजरेला वस्तू, ठिकाण आणि स्थिती या तिन्ही गाठायच्याच गोष्टी आहेत. ‘आधी नव्हतं, आता आहे’ एवढी एक कसोटी लावा. बदल असेल तर ‘गेट’ चालण्याची शक्यता मोठी, बदल नसेल तर बहुधा नाही. याला एक मोठा अपवाद आहे, तो शेवटी ‘गॉटन’बरोबर सांगते.

ही ‘गाठणे’ची गोष्ट मी मनाने जुळवलेली नाही, ती शब्दाच्या जन्मातच आहे. इंग्रजीतलं हे इतकं घरगुती क्रियापद बाहेरून आलेलं आहे. इ. स. 793 मध्ये व्हायकिंगांनी, म्हणजे उत्तरेकडच्या स्कँडिनेव्हियातून जहाजांनी आलेल्या लढवय्यांनी, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या लिंडिस्फार्न बेटावरच्या मठावर हल्ला केला. 866 मध्ये त्यांनी यॉर्क घेतलं. पण ते लुटून परत गेले असते तर भाषेत एवढं काही राहिलं नसतं. ते तिथेच राहिले, जमिनी कसू लागले, सोयरीक झाली. उत्तर आणि पूर्व इंग्लंडात कितीतरी पिढ्या दोन भाषा एका गावात, एका बाजारात नांदल्या. व्हायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेत ‘गेटा’ असं क्रियापद होतं. मिळवणे, गाठणे, मूल जन्माला घालणे आणि अंदाज बरोबर बांधणे, इतके त्याचे अर्थ. 1200 च्या सुमारास ते इंग्रजी लिखाणात दिसायला लागतं. अंदाजासाठीचा ‘गेस’ हा शब्दही बहुधा याच घराण्यातला, तिकडूनच आलेला.

इंग्रजीकडे स्वतःचं असं काहीच नव्हतं का? होतं, पण ते सुटं उभं राहत नसे, पुढे काहीतरी जोडूनच यायचं. त्यातले दोन शब्द आजही आहेत: ‘बिगेट’, म्हणजे जन्म देणे, आणि ‘फर्गेट’, म्हणजे विसरणे. ‘फर्गेट’ची घडण मला फार आवडते. पुढचा ‘फर’ इथे ‘हातून निसटणे’ सांगतो. पकडलेलं सुटलं, म्हणजे विसरलं. आपल्या ‘विसरणे’तही असंच आहे: संस्कृतातल्या ‘स्मृ’ला, म्हणजे आठवण्याला, पुढे ‘वि’ लागला आणि आठवलेलं निसटलं.

या जुन्या इंग्रजी शब्दांत ‘ग’ नव्हता, तिथे ‘य’चा उच्चार होता. ‘फर्गेट’ला जुने लोक ‘फर्येट’च्या जवळचं काहीतरी म्हणत. आज आपण त्यात जो ठसठशीत ‘ग’ म्हणतो तो नॉर्स बोलणाऱ्यांचा ठसा आहे. हाच ‘य’ आणि ‘ग’चा झगडा अंड्याच्या शब्दात झाला, आणि त्याची हकिगत इंग्लंडचा पहिला मुद्रक विल्यम कॅक्स्टन याने 1490 मध्ये लिहून ठेवली आहे. थेम्स नदीतून निघालेले काही व्यापारी वारा पडल्यामुळे केंटच्या किनाऱ्यावर अडकले. त्यांतल्या एकाने एका घरी जाऊन ‘एग्ज’ मागितली. घरची बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं. शेवटी दुसऱ्याने ‘आयरन’ मागितली, तेव्हा तिला समजलं. ‘एग’ उत्तरेकडचा, नॉर्समधून आलेला. ‘आय’ आणि त्याचं अनेकवचन ‘आयरन’ हा जुना इंग्रजी शब्द. देश एक, भाषा एक, आणि अंड्यावरून अडलं.

ही हकिगत मी वर्गात सांगते तेव्हा आमच्या मुलांना ती परकी वाटत नाही. आमच्याकडची कन्नड बोलणारी माणसं अंड्याला ‘तत्ती’ म्हणतात, बेंगळुरूकडची ‘मोट्टे’ म्हणतात. मग मी विचारते, आपल्या मराठीत कन्नडमधून काय आलंय? पोरं विचार करायला लागतात. तूप आलंय, कन्नडमध्ये ‘तुप्पा’. अडकित्ता आलाय. अक्का आणि अण्णा आलेत. रोजच्या जेवणातला शब्द, पानाच्या तबकातला शब्द आणि थोरल्या बहिणीला मारायची हाक. इंग्रजीतही तसंच झालं: ‘सिस्टर’चं आजचं रूप नॉर्सच्या वळणाचं, ‘हजबंड’ नॉर्स, ‘नाइफ’ नॉर्स, ‘विंडो’ नॉर्स, इतकंच काय ‘दे’ म्हणजे ‘ते’ हे सर्वनामही नॉर्स. राजा आणि दरबार शब्द लादतात ते वेगळे, आणि शेजारी राहून, देणंघेणं करून, लग्नं लावून येतात ते शब्द वेगळे. ‘गेट’ हा दुसऱ्या जातीचा शब्द आहे. म्हणून तो इतका साधा आणि इतका खोल रुजलेला आहे.

अजून मागे गेलं तर या शब्दाचं मूळ ‘पकडणे, धरणे’ या अर्थाच्या एका फार जुन्या धातूपाशी जातं. त्याच धातूची दुसरी फांदी लॅटिनमध्ये ‘प्रिहेन्डेरे’ झाली, म्हणजे धरणे. तिच्यातून ‘कॉम्प्रिहेन्ड’ आला, म्हणजे आकलन होणे. ‘प्रिझन’ आला, धरून ठेवायची जागा. आणि ‘अप्रेंटिस’ आला. उद्यमबागेतल्या कारखान्यांत आयटीआय करून जी मुलं अप्रेंटिस म्हणून लागतात त्यांच्या ओळखपत्रावरचा हा शब्द ‘गेट’चा लांबचा भाऊबंद आहे: काम शिकून धरून ठेवणारा. ‘आय गेट इट’ म्हणजे ‘मला कळलं’ कसं, याचं उत्तरही इथेच आहे. आपणही बुद्धीला ‘ग्रहणशक्ती’ म्हणतो, आणि ‘ग्रह’ म्हणजे पकडणेच.

आता वापर. इथे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलीने रजेच्या अर्जात लिहिलं, ‘फीव्हर केम टू मी’. मी तिला बोलावलं आणि सांगितलं, ‘आय गॉट अ फीव्हर’ असं लिही. ती गप्प उभी राहिली. मग म्हणाली, “टीचर, ताप आलाय की मला. मी कुठं काय केलंय? ‘आय’ कसं म्हणायचं?”

इतका नेमका प्रश्न मला त्याआधी कुणी विचारला नव्हता. तिचं म्हणणं खरं होतं. मराठीत ताप येतो, राग येतो, कंटाळा येतो, झोप येते. माणूस मधे उभा असतो आणि गोष्टी त्याच्याकडे येतात. म्हणून ‘मला’. कन्नडमध्येही हुबेहूब तेच: ‘ननगे ज्वर बंतु’, मला ताप आला. मराठी आणि कन्नड वेगवेगळ्या कुळांतल्या भाषा, पण या बाबतीत दोघींची घडण एक. म्हणजे आपल्या भागातलं मूल घरी मराठी बोलो, गल्लीत कन्नड बोलो, दोन्हीकडून तेच शिकतं, की ज्याच्यावर गुदरतं त्याला ‘मला’ म्हणायचं, ‘मी’ नाही. इंग्रजीतही एकेकाळी ही घडण होती. जुन्या इंग्रजीतलं ‘मीथिंक्स’ शेक्सपिअरच्या काळापर्यंत टिकून होतं, आणि त्याचा अर्थ ‘मी विचार करतो’ असा नाही, ‘मला वाटतं’ असा आहे. पुढे इंग्रजीने ‘मला’ची ही जागा जवळजवळ सोडून दिली आणि माणसाला वाक्याच्या तोंडाशी आणून ‘आय’ केलं. त्याने काही केलं असो वा नसो. काही न करता स्थिती बदलली हे सांगायला मग त्या ‘आय’ला जे क्रियापद फार उपयोगी पडलं, ते ‘गेट’.

म्हणून माझा सगळ्यात कामाचा सल्ला असा. इंग्रजी वाक्य करण्याआधी मराठी वाक्यात ‘मला’ आहे का बघा. ‘मला’ असेल आणि मागे आला, मिळालं, झालं, बसला, पडले, लागली, सापडलं असं काही असेल, तर ‘आय गॉट’ करून बघा. मला पत्र आलं, ‘आय गॉट अ लेटर’. मला धक्का बसला, ‘आय गॉट अ शॉक’. मला 72 मार्क पडले, ‘आय गॉट सेव्हंटी टू मार्क्स’. मला नोकरी लागली, ‘आय गॉट अ जॉब’. येणे, बसणे, पडणे, लागणे, एवढी आपली वेगवेगळी क्रियापदं, आणि प्रत्येकात वेगळं चित्र: धक्का बसतो, मार्क पडतात, नोकरी लागते. हे चित्र इंग्रजीत नेता येत नाही, ते मराठीतच ठेवायचं.

‘लागणे’वरून एक खास आपल्याकडचं उदाहरण. गोव्याला जाताना चोर्ला घाटात कितीजणांना गाडी लागते. हे इंग्रजीत कसं सांगायचं यावर मी वर्गाला दहा मिनिटं देते. कुणी ‘लागणे’साठी ‘टच’ आणतं, कुणी ‘हिट’ आणतं, आणि मग गाडीने धडक दिल्याचा अर्थ होतो. साधं उत्तर आहे: ‘आय गेट कारसिक’. चोर्ला घाटात दर वेळी होतं म्हणून ‘गेट’, कालच्यापुरतं सांगायचं तर ‘गॉट’.

इथे एक बारकावा नीट धरा, कारण चुका इथेच होतात. ‘मला राग आला’ यात राग हे नाम आहे. इंग्रजीत ‘आय गॉट अँगर’ होत नाही, ‘आय गॉट अँग्री’ होतं. भावनेचं नाम इंग्रजीत बहुधा विशेषण होऊन येतं: कंटाळा आला, ‘गॉट बोअर्ड’, भीती वाटली, ‘गॉट स्केर्ड’, झोप यायला लागली, ‘गेटिंग स्लीपी’. आजार मात्र नाम राहतो: ताप, सर्दी, ‘गॉट अ फीव्हर’, ‘गॉट अ कोल्ड’. ‘आय ॲम नॉट गेटिंग स्लीप’ हे वाक्य आपल्या देशात सगळीकडे ऐकू येतं, पण ‘झोप येत नाही’ला इंग्रजीत ‘आय कान्ट स्लीप’ म्हणतात, किंवा ‘गेट’च हवं असेल तर ‘आय कान्ट गेट टू स्लीप’.

सगळे ‘मला’ ‘गेट’कडे जात नाहीत, हेही सांगते. ‘मला इंग्रजी येतं’ यात काही बदललं नाही, येत आहे एवढंच, म्हणून ‘आय नो इंग्लिश’. ‘मला मुलगा झाला’ला ‘गॉट अ सन’ न म्हणता ‘हॅड अ सन’ म्हणतात. ‘मला उशीर झाला’ला आपल्याकडे ‘आय गॉट लेट’ सर्रास म्हणतात, पण बाहेर ते खटकतं. तिथे ‘आय वॉज लेट’ म्हणा. वेळ पुढे सरकली, उशीर होत चालला, या अर्थी ‘इट्स गेटिंग लेट’ अगदी बरोबर.

या शेवटच्या उदाहरणात ‘मला’ नाही, ‘होणे’ आहे. ही दुसरी वाट. मराठीत ‘असणे’ आणि ‘होणे’ अशी जोडी आहे, कन्नडमध्ये ‘इरु’ आणि ‘आगु’. इंग्रजीत या जोडीच्या जागी ‘बी’ आणि ‘गेट’ ठेवा. चहा गार आहे, ‘द टी इज कोल्ड’. चहा गार झाला, ‘द टी गॉट कोल्ड’. तो विवाहित आहे, ‘ही इज मॅरिड’. त्याचं लग्न झालं, ‘ही गॉट मॅरिड’. जुलैतल्या बेळगावच्या पावसात आपण भिजतो ते ‘वी गॉट वेट’. आपली मुलं इथे ‘बिकेम’ वापरतात. चूक नाही, पण चहासाठी ते फार जड होतं.

मात्र ‘होणे’च्या पुढे व्यवसाय किंवा पद असेल तर सावध. ‘माझी बहीण डॉक्टर झाली’ याचं ‘माय सिस्टर गॉट अ डॉक्टर’ केलंत, तर बहीण डॉक्टरला बोलावून घेऊन आली असा अर्थ होईल. तिथे ‘बिकेम’च हवं. ‘गेट’ला ‘होणे’ या अर्थी विशेषण चालतं, नाम चालत नाही. नाम आलं की तो लगेच ‘मिळवणे, आणणे’कडे वळतो.

आता करवून घेणे. मुलाखतीच्या सरावात मी एकीला विचारलं, रविवारी काय केलंस? ती धडाधड म्हणाली, ‘आय स्टिच्ड अ ब्लाउज, आय कट माय हेअर, अँड आय रिपेअर्ड माय स्कूटी’. व्याकरण बिनचूक. मी विचारलं, ब्लाउज तू शिवलास? ती म्हणाली, “नाही टीचर, शहापुरातल्या टेलरकडं दिला होता.” केस पार्लरमध्ये कापले होते, गाडी गॅरेजमध्ये होती. मराठीत आपण ‘मी ब्लाउज शिवला’, ‘मी केस कापले’, ‘आम्ही घर बांधलं’ म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला कळतं की काम शिंप्याने, न्हाव्याने, गवंड्याने केलं. मराठी ते समजून घेते. इंग्रजी समजून घेत नाही. जिथे हात दुसऱ्याचा तिथे ‘आय गॉट अ ब्लाउज स्टिच्ड’, ‘आय गॉट माय हेअर कट’, ‘आय गॉट माय स्कूटी रिपेअर्ड’. रचना लक्षात ठेवा: ‘गॉट’, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. आणि माणसाचं नाव घ्यायचं असेल तर ‘टू’ लागतो: ‘आय गॉट द टेलर टू स्टिच इट’. ‘मेक’नंतर हा ‘टू’ लागत नाही, म्हणून ‘गेट’नंतरही पुष्कळजण गाळतात. नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्या प्रत्येकाने ही एक रचना घोटून जावं असं मला मनापासून वाटतं, कारण इथे अर्थच बदलतो.

कर्मणी प्रयोगात ‘वॉज’च्या जागी ‘गॉट’ येतो तो अशाच बदलाच्या किंवा अचानक गुदरण्याच्या भावनेने. चोर पकडला गेला, ‘द थीफ गॉट कॉट’. पाकीट चोरीला गेलं, ‘माय वॉलेट गॉट स्टोलन’. वाहतुकीत अडकलो, ‘वी गॉट स्टक’. बोलण्यात छान, पण परीक्षेत कर्मणी करा असं आलं की ‘वॉज’ आणि ‘वेअर’च लिहा.

एक रचना तर आपल्यासाठीच केल्यासारखी आहे. ‘मला बघायला मिळालं’, ‘मला कुंदा खायला मिळाला’. ‘आय गॉट टू सी’, ‘आय गॉट टू ईट कुंदा’. मराठीचं ‘-आयला मिळणे’ आणि इंग्रजीचं ‘गेट टू’ एकावर एक बसतात, कन्नडचं ‘सिक्कितु’ही तिथेच बसतं. फक्त पुढे ‘हॅव’ आला की अर्थ फिरतो: ‘आय हॅव गॉट टू गो’ म्हणजे जायला मिळालं नव्हे, जायलाच पाहिजे.

‘गेट अप’, ‘गेट ऑन’, ‘गेट ओव्हर’ यांची लांबलचक यादी पाठ करू नका. मागचा छोटा शब्द दिशा सांगतो, ‘गेट’ तिथे पोचवतो, एवढं पुरे. ‘वेक अप’ म्हणजे जाग येणे आणि ‘गेट अप’ म्हणजे अंथरुणातून उठणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बसमध्ये चढणे ‘गेट ऑन’, उतरणे ‘गेट ऑफ’. कारमध्ये मात्र ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट’, कारण तिथे वाकून आत शिरावं लागतं. बसमधून उतरण्याला आपल्याकडे ‘गेट डाउन’ म्हणतात. इथल्या माणसाशी बोलताना ते खुशाल म्हणा. परदेशी जाणार असाल तर ‘गेट ऑफ’ची सवय करा. ‘ओव्हर’ म्हणजे पलीकडे: दुःखातून, आजारातून सावरणे ‘गेट ओव्हर’. ‘बाय’ म्हणजे कसंबसं भागवणे: ‘वी गेट बाय ऑन वन सॅलरी’, एका पगारात भागतं.

लिखाणाबद्दल दोन शब्द. जुने शिक्षक ‘गेट’ खोडून ‘रिसीव्ह’, ‘ऑब्टेन’ लिहायला लावत. तहसीलदारांना अर्ज, बँकेला पत्र, विद्यापीठाला निवेदन असेल तर त्यांचं ऐका: ‘आय हॅव रिसीव्ह्ड युअर लेटर’. पण बोलताना ‘आय ऑब्टेन्ड अ कप ऑफ टी’ म्हणालात तर समोरचा बावरेल. मराठी माध्यमातून आलेल्यांचं इंग्रजी पुस्तकी वाटतं अशी तक्रार ऐकू येते, ती अशाच जड शब्दांमुळे. साधा शब्द वापरणं म्हणजे कमी शिकलेलं असणं नव्हे. वर्गात मी ‘गेट’ खोडत नाही, उलट तो कुठे सुचला असता ते समासात लिहून देते.

आता तुमचा मावसभाऊ. तो चुकत नाही. ‘गॉटन’ हे जुनं रूप इंग्लंडातलंच. सतराव्या शतकात जे लोक समुद्र ओलांडून अमेरिकेत गेले ते हे रूप बरोबर घेऊन गेले, आणि तिथे ते टिकलं. मागे इंग्लंडात पुढे ते मावळलं आणि ‘गॉट’ राहिलं. ‘फर्गॉटन’ मात्र दोन्हीकडे राहिलं, म्हणून ते आपल्याला विचित्र वाटत नाही. गाव सोडून गेलेली माणसं जुना शब्द जपतात आणि गावात तो बदलतो, हे आपल्याला तंजावरच्या मराठीवरून ठाऊक आहे.

मघाशी म्हटलेला अपवाद तो हाच. ‘आय हॅव गॉट टू सिस्टर्स’ म्हणजे मला दोन बहिणी आहेत. यात बदल काहीच नाही, तरी ‘गॉट’ आहे. मिळालेलं हाती आहे म्हणजेच ते आपल्याजवळ आहे, या वाटेने ‘हॅव गॉट’चा अर्थ ‘आहे’ असा होऊन बसला. अमेरिकेत या दोन अर्थांसाठी दोन रूपं आहेत: ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे माझ्याकडे गाडी आहे, ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणजे गाडी मिळवली, घेतली. इंग्लंडात दोन्हींना ‘हॅव गॉट’च म्हणतात आणि संदर्भावरून समजून घेतात. आपली पाठ्यपुस्तकं आणि परीक्षा इंग्लंडच्या वळणाच्या आहेत, त्यामुळे बी. कॉम.च्या पेपरात ‘गॉट’ लिहा. मावसभावाला पत्र लिहिताना ‘गॉटन’ लिहिलंत तरी तो दुरुस्त करणार नाही.